सरांच्या फेरीतली खाट

कुणाला पटायचं नाही, पण आमच्या सरकारी इस्पितळाच्या शंभर वर्षांत, मोठे सर ज्या खाटेभोवती विद्यार्थी जमवून शिकवतात, त्या खाटेवरचा एकही पेशंट दगावलेला नाही. एक जण तर नुसतं शिकवणं ऐकूनच इतका तरतरीत झाला, की खाट डोक्यावर घेऊन घरी गेला!

वॉर्डमधला जुना मामा, म्हणजे वॉर्डबॉय मी. सोळा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांच्या नातीला हे सांगत होतो. आजोबांपाशी आज सरांचे विद्यार्थी तासभर उभे होते. चार दिवसांत पहिल्यांदा पोरगी हसली. "म्हणजे आजोबा घरी येणार!"

आजोबांनी डोळे उघडले.

 

"थापा पुरे, मामा. तुम्ही नोकरीला लागायच्या आधी इथे मीच शिकवायचो. ज्याच्यावर इलाज उरला नाही, त्याच्यापाशीच मुलांना जास्त वेळ थांबवायचो."