शेवटचे पाच मिलिमीटर

ड्रिल बाहेर आलं तेव्हा त्याच्या टोकाला अख्खी गुलाबी काडी लटकत होती.

धाकट्यानं पेडलवरचा पाय काढला. ती काडी म्हणजे दाताच्या मुळात भरलेला गटापर्चा, रबरासारखा मसाला. त्याचा वरचा भाग काढून तिथं पोस्टची, म्हणजे नवा दात धरून ठेवणाऱ्या खुंटीची, जागा करायची होती. खालचे पाच मिलिमीटर मात्र हलता कामा नयेत. मुळाच्या टोकाला बूच असतं ते तेवढंच. आता तेही बाहेर आलं होतं.

खुर्चीत आई होती. तोंडावर ताणलेला रबरी पडदा, डोळे मिटलेले. संध्याकाळी तिच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्यात ती राणी होती, आणि राणीचा पुढचा दात मोडला होता.

"काय झालं रे?" ताई आत आली. दवाखाना तिचा. रूट कॅनालही गेल्या आठवड्यात तिनंच केलं होतं.

त्यानं काडी दाखवली.

"खोल गेलास," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तरी सांगत होते, हात आवर."

त्यानं ड्रिल तिच्यासमोर धरलं. खोलीची खूण म्हणून चढवलेली रबरी चकती जिथल्या तिथं होती. ड्रिल बूच सोडून बरंच वर थांबलं होतं. काडीच सैल होती.

ताईनं चकती पाहिली. मग घड्याळ.

"सिमेंट कालव. पोस्ट बसव."

"खाली मोकळं आहे, ताई."

"उतरेल सिमेंट थोडं."

त्यानं कागदाची बारीक वात मुळात सोडून बाहेर काढली. टोक ओलं होतं.

"यावर पोस्ट बसवली तर खाली पू धरेल. मग दातच काढावा लागेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. तिचा आजचा दिवस बघ."

"अं!"

दोघंही दचकले. आईचे डोळे सताड उघडे होते.

त्यानं पडदा काढला.

"मी मेलेली नाही अजून," आई म्हणाली. "ओलं म्हणजे काय?"

"खालचं बूच धरलं नव्हतं." कुणी भरलं होतं, ते तो बोलला नाही. "परत साफ करून औषध ठेवायचं, मग नव्यानं भरायचं. पोस्ट त्यानंतर."

"आज नुसता चिकटवून दे की."

"तुझ्या पहिल्याच आरोळीला उडेल. थेट पुढच्या रांगेत."

आईला हसू आलं नाही. तिनं जिभेनं फट चाचपली.

"मग राणी आज तोंड मिटून रागावेल." तिनं डोकं मागं टेकवलं. "आणि परत भरणार कोण?"

हुकाला अडकवलेली, तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी तेवढी सुरसुरत होती.

ताईनं नवे हातमोजे चढवले. खुर्चीला वळसा घालून ती पलीकडं गेली, मदतनिसाच्या स्टुलावर बसली आणि नळी हातात घेतली.