कारण: पूल नाही

ताई जुन्या पुलाच्या थरथरीचा अभ्यास करायची. पुलावरची यंत्रं दिवसभर आकडे पाठवायची. त्यातले हवे ते मागितले, की प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर शोधून द्यायचा आणि सोबत दोन ओळींचं वर्णनही लिहायचा: माहिती कसली, कधीपासून कधीपर्यंतची.

त्या सकाळी वर्णन आलं, ‘जुन्या पुलाची थरथर, आज सकाळपर्यंत. पुढच्या नोंदी नाहीत. कारण: पूल नाही.’

शेजारचा सहकारी हसला. “घ्या! यानं तर अख्खा पूलच गिळला.”

तीही हसली. पडद्यावर पुलाचे आकडे येतच होते की! तिनं वर्णन पुसलं आणि पुन्हा मागितलं. अक्षर न अक्षर तेच आलं.

मग मात्र तिनं घड्याळात पाहिलं. तिचा धाकटा भाऊ याच सुमारास भरलेली बस घेऊन त्या पुलावरून जायचा. तिनं घाईघाईनं त्याला फोन लावला, आणि तेवढ्यात आकडे थांबले.

फोन नुसता वाजत राहिला. शेवटी एकदाचा त्यानं तो उचलला.

“ताई!” भावाला धाप लागली होती. “पूल पडला गं, डोळ्यांदेखत! पण बस मी अलीकडेच थांबवली होती. सगळे सुखरूप आहेत.”

तिला हुंदका आवरेना. “देव पावला रे बाबा!”

“देव कसला, तूच पावलीस. मघाशी फोन करून ‘पुलावर जाऊ नकोस’ म्हणून ओरडली नसतीस, तर...”

ताईनं डोळे पुसले आणि ती “हो रे” म्हणाली.

या फोनआधी सकाळपासून तिनं कुणालाच फोन केला नव्हता.