आईच्या तोंडचं नाव

“परत लाव,” आसारामकाका म्हणाले.

ज्ञानेश्वरीने मोबाईल पुन्हा तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर राहीबाई बोलू लागल्या. डोक्यावर पदर, मागे गोठ्याची भिंत.

“मी राहीबाई पुंजाराम, राहनार तिसगाव. मळ्यातलं हे घर माझ्या नावावर हाय. माझ्यामागं ते ज्ञानेश्वरीचं. तिनं माझं लई केलं.”

राहीबाईंचं तेरावं कालच झालं होतं. मुलगी आरती राहुरीला शाळेत विज्ञान शिकवायची; धाकटा बिभीषण गावातल्या घरात राहायचा. मळ्यात आईजवळ होती ती ज्ञानेश्वरी, राहीबाईंच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. नवऱ्याने टाकल्यापासून ती इथेच होती. आईचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. कागद काही झालेला नव्हता. पण भावकीत चुलत्यांचा शब्द शेवटचा. आईची इच्छा काकांनी मानली, तर बिभीषणही ती मोडणार नव्हता.

“काढला कोनी हा?” बिभीषणने विचारलं.

“मला न्हाई ठाव, दादा. मी दळान आनाया गेल्ते. मावशीच्याच फोनवरून आला. कोनी काढला म्हनलं, तर नुसती हसली.”

“हसली म्हनं. आता तिला विचारायला वर जावं लागंल.”

काका हसले नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या नातीचा, सृष्टीचा, एक व्हिडिओ गावभर फिरला होता. चेहरा तिचा, आवाज तिचा, बाकी सगळं बनावट. तो खोटा असल्याचं आरतीनेच दाखवून दिलं, पण तोवर ठरलेली सोयरीक मोडली होती. तेव्हापासून कोणी मोबाईल पुढे केला की काका अंग चोरून बसत.

“आरती, तू शिकलेली. सृष्टीच्या वक्ताला तुझंच खरं निघालं. आता तूच सांग.”

आरतीने व्हिडिओ पाहिला. थांबवला. पुन्हा पाहिला. ज्ञानेश्वरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिच्या तोंडाकडे बघत होती.

“चेहरा आईचाच आहे,” आरती शांतपणे म्हणाली. “आवाजही. आता चार फोटो आणि थोडा आवाज मिळाला की एवढं सहज होतं. पण काका, पहिलंच वाक्य ऐका.”

मी राहीबाई पुंजाराम.

काकांनी मान वर केली.

“वहिनीनं दादाचं नाव घेतलं.”

“तुम्ही कधी ऐकलं होतंत?”

“न्हाई. तलाठ्यापुढं सुदिक न्हाई. त्यो नाव विचारायचा, ही माझ्याकडं बघायची, मग मी सांगायचो. दादा गेल्यावरबी तिनं त्ये तोंडातून काढलं न्हाई.”

“हे घरच्यांना ठाऊक. यंत्राला कुठून ठाऊक असणार?”

“ताई,” ज्ञानेश्वरीचा आवाज फाटला, “मला धड मेसेज लिहिता येत न्हाई. मी कसं बनवू?”

“तू बनवलंस असं मी म्हणत नाही. बनवून देणारे पुष्कळ आहेत.”

ज्ञानेश्वरी काकांकडे वळली. काका भिंतीकडे बघत होते.

“डिलीट कर ते,” ते म्हणाले. “मेलेल्या मानसाच्या तोंडात शब्द घालायचे म्हंजे काय? आठवड्यात सामान आवर, पोरी.”

तिने मोबाईल उचलला. बटण कुठलं ते तिला सापडेना. शेवटी आरतीनेच तो हातातून घेतला आणि डिलीट करून दिला.

“तायडे, तू हुतीस म्हनून,” काका गेल्यावर बिभीषण म्हणाला. “न्हाईतर मळ्यातलं हे रस्त्याकडंचं घर हातचं गेलं हुतं. आता निम्मं तुझं, निम्मं माझं.”

आरती मागच्या दाराने गोठ्यापाशी आली. त्या दिवशी आई इथेच बसली होती. पुनःपुन्हा नावाशी येऊन अडत होती. “घे नाव,” आईचाच मोबाईल समोर धरून आरतीने तिला बजावलं होतं, “पुरं नाव घेतल्याशिवाय पुढे कोणी मानायचं नाही.” मग पदर तोंडाशी नेऊन, नव्या नवरीसारखं लाजत, लेक म्हणते म्हणून आईने जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं होतं.