नाते निवडा

"ती ओळ पुसायची नाही हं, आई!" सौम्या स्वयंपाकघरातून ओरडली.

गुणाबाई चष्मा सावरून लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. खडेबाजारातल्या वधू-वर मंडळाची वेबसाइट सौम्यानंच बनवली होती, आणि ती उद्या सुरू व्हायची होती. 'नवीन नोंद' नीट चालते का, हे बघायला कुणाचं तरी नाव हवं होतं. "तुझंच घाल की," म्हणून गुणाबाईंनी सकाळपासून भुणभुण लावली, तेव्हा कुठं बाईसाहेबांनी स्वतःचा फॉर्म भरला. भरला खरा, पण अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ लिहून ठेवली: 'आई माझ्याबरोबर राहील.'

"अगं, असली अट वाचून कोण फिरकंल व्हय आपल्या काकती गावाकडं? मी काय रुखवत हाय, तुझ्यासंगं पाठवायला?"

"नको फिरकू दे. मी गेल्यावर इथं कोण आहे?"

गुणाबाईंचा मुलगा सौरव देवाघरी गेल्यापासून घरात दोघीच. पोरीचं ते खळखळून हसणं, चहासाठी हाका मारणं, सगळं एक दिवस निघून जाणार. पण अजून तिशीही न उलटलेली पोर. तिनं काय म्हातारीपायी जन्म काढायचा? छे!

त्यांनी 'दुरुस्ती' दाबलं, ओळ पुसली आणि एका बोटानं हळूहळू लिहिलं: 'पोरगी लई गुणाची हाय. जीव लावणारा पायजे.'

सौम्या चहा घेऊन आली. तिनं ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, खरंच पाठवायचंय मला?"

"व्हय. सणाला येशील की गं. ह्ये म्हायेरच हाय तुझं."

गुणाबाईंनी 'जतन करा' दाबलं. लाल अक्षरं उमटली: 'दुरुस्ती करणाऱ्याचे उमेदवाराशी नाते निवडा.'

"त्यात 'आई' आहे की," सौम्या नाक ओढत म्हणाली.

गुणाबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आई, वडील, भाऊ, बहीण, मामा, काका. पुन्हा एकदा वाचली.

"लबाडी नको बाई. येणाऱ्याला आधीच खरं कळल्यालं बरं." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "तुझ्या यादीत सासू न्हाय गं. तेवढी घाल."