बेमालूम जोड

“एकदाच हात लावू दे, बाळ. मग मी डोळे मिटायला मोकळी,” म्हातारी म्हणाली.

जुने कागद जपायच्या त्या कचेरीत हात लावू न देणं हा पहिला नियम. पण म्हातारीची नजर पार गेली होती, आणि सुनेचा हात धरून ती धापा टाकत जिने चढून आली होती. टेबलावर पसरलेला अर्ज तिच्या लहानपणीचा. बायकांना मताचा हक्क द्या, एवढंच मागणं. खाली गल्लीतल्या बायकांच्या सह्या. तिच्या आईने त्या दारोदार फिरून, चार शिव्या खाऊन गोळा केल्या होत्या.

“आईची खूण आहे त्याच्यावर,” ती सारखी सांगत होती.

कागद दुरुस्त करणारी बाई मनातून खूश झाली. कचेरीत सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. मेलेला कागदही तिच्या हाती पडला की उठून बसतो, अशी तिची ख्याती. हा अर्ज आला तेव्हा मधोमध उभा फाटलेला होता. कुणीतरी तो जाड काळ्या दोऱ्याने पोतं शिवावं तसा शिवला होता. “कोण अडाणी होतं कोण जाणे,” असं पुटपुटत तिने एकेक टाका कापून काढला. दोरा केराच्या टोपलीत गेला. टाक्यांची भोकं तिने लगद्याने बुजवली, मागून झिरझिरीत कागद चिकटवला. आता जोड कुठे आहे ते तिचं तिलाही शोधावं लागे. साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली होती. असं काम दाखवायला कुणाला आवडत नाही?

“नाव सांगा, आजी. तुमचं बोट नेमकं सहीवर ठेवते.”

“नाव नाही ग त्यात. तू मधोमध ठेव, मला सापडेल.”

डॉक्टरीणबाईने म्हातारीचं बोट मधोमध टेकवलं. ते वरून खाली गेलं. पुन्हा वर आलं. मग म्हातारीने दुसराही हात टेकला आणि अंथरुणात पडलेली कानातल्याची फिरकी शोधावी तशी ती चाचपू लागली.

डॉक्टरीणबाईची नजर कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली. ती कधीच रिकामी झाली होती.

“हाच कागद ना ग?”

“हाच, आजी.”

“मग इतका गुळगुळीत कसा?”

“आई, यांनी इतका छान जोडलाय,” सून कौतुकाने म्हणाली, “कुठे फाटला होता ते कळतसुद्धा नाही.”

म्हातारीने हात उचलून मांडीवर घेतले. ती रागावली नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

“वडिलांनी फाडला होता,” ती म्हणाली. “आईने शिवला आणि तसाच नेऊन दिला. तिला अक्षर येत नव्हतं, अंगठा द्यायची लाज वाटायची. म्हणायची, सगळ्यांच्या सह्या शाईच्या, माझी तेवढी दोऱ्याची.”