काळा ठेचा

"मावशी, आज ठेचा काळा कसा?"

"मिरच्या ताज्याच हायेत, मॅडम. गोटाच रंग सोडते, त्याले मी काय करू?" कॅम्पवर स्वयंपाक करणाऱ्या फुलाबाई फणकारल्या.

बाहेर काम गुंडाळून ड्रिलिंगचं मशीन ट्रकवर चढवायची तयारी चालली होती. मँगनीजसाठी खोदायची जागा भूगर्भतज्ज्ञ केतकीनेच निवडली होती, पण खालून आलेल्या दगडांच्या पेट्यांत नुसती पांढरी गारगोटी होती. रोज संध्याकाळी ऑफिसला "काहीच नाही" कळवून तिची जीभ झिजली होती. एका पेटीत वीतभर जागा रिकामी होती. तेवढा दगड पाण्यात वाहून गेला, असं ड्रिलर म्हणाला आणि थकलेल्या केतकीने ते मानलं.

ती चुलीपाशी गेली. फुलाबाईंच्या हातातला गोटा वीतभर लांब, गोल, मशीनने कापलेला होता. तिच्या बोटांना काळं लागलं. मँगनीज!

"चिखलात पडला होता. मले वाटलं, ठेचायले बरा."

"मशीन चढवू नका!" केतकी बाहेर ओरडली. मग पेटीतला एक पांढरा तुकडा तिने फुलाबाईंना ठेचायला आणून दिला.

"हा तं नाही ना रंग सोडत?"

"नाही मावशी, यात काहीच नाही," केतकी म्हणाली, आणि ते म्हणताना तिला पहिल्यांदाच हसू आलं.