प्लगला हात लावू नये

सूनबाईंचं सगळंच जगावेगळं. सासूशी दोन शब्द बोलायचे नाहीत, आणि जेवणाच्या टेबलावर ते धूड नऊ दिवस टकटकत ठेवायचं! दोन काळी पाती उघडायची, मिटायची. शेजारी चिठ्ठी : 'प्लगला हात लावू नये.' घरात माणसं दोनच; चिठ्ठी कोणासाठी ते सासूबाईंना कळत होतं. तेवढं वाचता येत होतं त्यांना.

ती कॅमेऱ्याची झडप होती. सुनेनेच बनवलेली. दूर डोंगरावरच्या दुर्बिणीत बसायची होती. तिथे माणूस राहणार नाही. रोज रात्री अख्खं आभाळ टिपायचं, तेही यंत्रानेच. म्हणून आधी लाख वेळा बिनचूक उघडमीट व्हायला हवी. उद्या न्यायला गाडी येणार होती.

सासूबाईंचा लेक जाऊन चार महिने झाले होते. सून तिसऱ्याच दिवशी कामावर. डोळ्यांतून टिपूस नाही. खोलीतला दिवा रात्रभर चालू. "दगड आहे दगड," सासूबाई बहिणीला फोनवर सांगायच्या.

त्या दुपारी त्यांनी लेकाचे सदरे बाहेर काढले. कोणाला तरी द्यायचेच, तर चुरगळलेले कसे द्यायचे? इस्त्रीची वायर नेमकी त्याच प्लगपर्यंत पोचत होती. चिठ्ठी गेली खड्ड्यात. त्यांनी प्लग ओढला.

टकटक थांबली. आणि दारात सून उभी.

"आई! काय केलंत हे?"

"लावते परत पाच मिनिटांनी. मरत नाही तुझं मशीन."

पण सून यंत्राकडेच बघत होती. पाती उघडीच राहिली होती. खिडकीतलं ऊन थेट आत पडलं होतं.

ती मटकन खुर्चीत बसली. "वीज गेली की ही आपोआप मिटायला हवी. तिथे अशी राहिली असती, तर सकाळच्या उन्हात अख्खा कॅमेरा जळाला असता. मिटायला साधी स्प्रिंग पुरली असती, आई. पण मी प्लगला कुणाला हातच लावू दिला नाही. हे एकदाही तपासलं नाही."

सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. लालभडक. कोरडे. पापणीसुद्धा हलत नव्हती.

त्यांनी हातातला सदरा तिच्या मांडीवर ठेवला.

"त्या यंत्राचं काय घेऊन बसलीस? तो गेला त्या घडीपासून तुझेही डोळे असेच अडकलेत. मीट आता. मी आहे जागी."